हुपरीतच लागणारा दिवा

पुण्याच्या ऑफिसात तीन महिने झालं नाही ते काम गावी हुपरीत तीन दिवसांत झालं, असं सोमशेखरने फोनवर छातीठोकपणे सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. कारण पलीकडून त्याच्या बॉस प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, "असं कसं झालं? मला बघायचंय. गुरुवारी येते."

काम होतं नेटवर्क स्विचचं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा हा पेटीएवढा डबा. त्यातल्या नव्या चिपवर भलतेच वेगवान सिरियल पोर्ट होते. सिग्नल किती जोरात पाठवायचा, पलीकडून आलेला कसा ओळखायचा, हे आकडे पोर्टला सांगणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, सोमशेखर लिहीत होता. आकडे जमले की पोर्टवर हिरवा दिवा लागतो. पुण्यात तो कधी टिकलाच नाही.

आईच्या, म्हणजे दानम्माच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून सोमशेखर डब्यासकट घरी आला होता. लोडशेडिंगचे दिवस. इन्व्हर्टर होता फक्त पुढच्या खोलीत, जिथं त्याचे वडील बाळाप्पा पैंजणांसाठी चांदी वितळवत. भट्टीच्या भिंतीला टेकून त्याने डबा ठेवला, आकडे बदलत राहिला आणि तिसऱ्या दिवशी दिवा लागला. मग तीन आठवडे तो रोज दिवसभर लागत राहिला. गावात डोकं चालतं, पुण्यात चालत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. आईजवळ राहता यावं, ही त्याची मनापासूनची इच्छा होती, आणि मेसच्या भाजीचाही त्याला वीट आला होता. गुरुवारी मॅडमसमोर दिवा लागला, की हुपरीतूनच काम करायची परवानगी मिळणार होती. नाही लागला, तर शुक्रवारची पुण्याची एसटी ठरलेली.

गुरुवारी मॅडम आल्या. सोमशेखरने ऐटीत बटण दाबलं. दिवा लागला नाही.

त्याने वायर बदलली, डबा बंद करून चालू केला, आकडे तपासले. सगळं कालच्यासारखंच होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. त्यांना फक्त नवल वाटत होतं.

"काल आणि आज यांत काय बदललं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, मॅडम."

"कायबी न्हाय," बाळाप्पांनीही री ओढली.

काठी टेकत चहा घेऊन आलेल्या दानम्माला हे काही पटलं नाही. दोन दिवस घर राबलं आणि त्याचा कुणी उल्लेखही करू नये? "न्हाय कसं?" ती म्हणाली. "पावणीबाई येणार म्हणून काल सांजधरनं भट्टी इझवलीया. डोळ्यात धूर जाईल की त्यांच्या. फरशी धुतली, खिडक्या उघड्या ठेवल्या. शेजारच्या बायडाबाईंनीबी त्यांची भट्टी बंद ठेवलीया."

मॅडमनी डब्यावर हात ठेवला. जानेवारीतल्या सकाळी तो माठासारखा गार लागला. त्यांनी भिंतीला हात लावला, मग भट्टीकडे पाहिलं.

"काका, भट्टी पेटवता का?"

पाहुणीला धुरात बसवायचं बाळाप्पांच्या जिवावर आलं, पण त्यांनी पेटवली. खिडक्या लावल्या. मॅडम डोळे पुसत, खोकत बसून राहिल्या. भिंत तापली, डबा कोमट झाला आणि तासाभराने हिरवा दिवा लागला. मॅडमनी भट्टी विझवायला लावली, खिडक्या उघडल्या. दिवा गेला. पुन्हा पेटवली, पुन्हा आला. तोवर दारात निम्मी गल्ली जमली होती.

"सोमशेखर," मॅडम खुशीत म्हणाल्या, "गार असताना चिप वेगळी वागते, तापल्यावर वेगळी. तुझे आकडे फक्त या भिंतीजवळ बसतात. गिऱ्हाईकाकडे भट्टी कुठून असणार?"

म्हणजे चाललं होतं ते डोकं नव्हे, भट्टी.  एसटीची पहिली गाडी किती वाजता असते, हे सोमशेखर मनातल्या मनात आठवू लागला.

मॅडम बाळाप्पांकडे वळल्या. भट्टीची आच हवी तेवढी कमीजास्त ठेवता येते का, असं त्यांनी विचारलं.

"तीस वरसं तेच करतोय की, बाई. चांदीचा रंग बघून आच वळखतो."

आठ दिवसांनी पुण्याहून ईमेल आला. सोमशेखरने जूनपर्यंत हुपरीतच राहावं, गार आणि गरम दोन्हींत टिकेल असा ड्रायव्हर लिहावा. दानम्माला इतका आनंद झाला, की ती काठी विसरून दारापर्यंत चालत गेली. ईमेलच्या शेवटी आणखी एक ओळ होती. चाचणीच्या वेळा श्री. बाळाप्पा ठरवतील.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला सोमशेखरच्या अंगावरची चादर ओढली गेली.

"आप्पा, माझं ऑफिस धाला सुरू होतंय."

"हुतं," बाळाप्पा शांतपणे म्हणाले. "आता सातला भट्टी पेटती. मॅडमनी वेळ माझ्याकडं दिलीया. आन् उद्या रजा पायजे आसंल तर आजच सांगायचं."

सोमशेखर उठला आणि कोळशाची पाटी उचलून पुढच्या खोलीत गेला.