बिनपासची पेटी

सरकारी पत्र लिहिण्यात माझा हात धरेल असा माणूस गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत दाखवा, मी त्याला चहा पाजतो. तीस वर्षं वनखात्यात बाबूगिरी केली आहे, चढत चढत बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, झालो आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून सुरुवात करायची आणि 'आपला विश्वासू' येईपर्यंत समोरच्याला घाम फोडायचा, हे माझं कसब! म्हणून सत्त्याऐंशीच्या एप्रिलात आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्यात सामान कमी निघालं, तेव्हा मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, ही मुंबईची कंपनी माझ्यावर सोडा. पंधरा दिवसांत हात जोडत येते की नाही बघा."

साहेब शांतपणे म्हणाले, "वॉरंटी एक वर्षाची आहे, कोतपल्लीवार. एकतीस मार्चच्या आत मशीन सुरू झाली नाही, तर एटापल्लीला बडेबाबूची जागा रिकामी आहे."

एटापल्ली वाईट नाही हो. हवा चांगली, माणसं चांगली. पण माझी बायको ताराबाई गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स. ती नोकरी सोडून येणार नाही, आणि का यावं तिनं? म्हणजे मी तिथं एकटा. स्वयंपाकातलं मला एवढंच येतं, की भात शिजला की खायचा असतो. बदली झाली तर महिन्याभरात माझं चिपाड होईल, असं ताराबाईचं मत आहे. मला ते पटतं.

तर ट्रक आला तो दिवस. हार, नारळ, पेढे, सगळी तयारी मी जातीनं केली होती. ड्रायव्हर बिल्टी, म्हणजे मालाची पावती, पुढं करून सांगायला लागला, "बडेबाबू, वो नाके पे..." पण मुहूर्त टळत होता. "बाद में, बाद में," म्हणून मी बिल्टीवर सही ठोकली आणि नारळ फोडला. सामान उतरवून ड्रायव्हर गेला. मग जवळ जाऊन बघतो, तर सगळीकडे तनस! धानाचं तनस, बैलांपुढे टाकतो ते. त्यातून टीव्हीसारखा एक डबा निघाला, एक चपटा डबा निघाला, छापायचं यंत्र निघालं. बटनांची पाटी नाही आणि जोडायच्या दोन वायरी नाहीत.

आमचा म्हातारा चपराशी बापूजी तनस गोळा करता करता म्हणाला, "काऊन हो बडेबाबू, मुंबईचे लोक तनस कुठून आणत असतीन?"

"तुले काय करायचं आहे? झाडू मार," मी म्हणालो.

त्याच दुपारी पहिलं पत्र गेलं. की-बोर्ड एक, केबली दोन, तात्काळ पाठवाव्यात. शिवाय नाजूक यंत्र तनसात गुंडाळून पाठवणं ही निषेधार्ह बाब असून तिची गंभीर नोंद घेण्यात आली आहे. कंपनीचं उत्तर आलं: सर्व माल मजबूत लाकडी पेटीत पाठवला आहे. की-बोर्ड आणि केबली पेटीच्या तळाच्या खणात आहेत, कृपया पाहावे.

आता पेटीच आली नाही तर तिचा तळ कुठं पाहू? मी तसं लिहिलं. कंपनीनं कळवलं, आम्ही तनस वापरत नाही, आणि बिल्टीवर 'पेटी एक, सुस्थितीत मिळाली' याखाली आपली सही आहे. यावर मी जे उत्तर दिलं ते सगळ्या ऑफिसला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. 'आमच्या हद्दीत बिनपासाची काडीसुद्धा नाका ओलांडू शकत नाही, तेथे आपली लाकडी पेटी कशी आली असती?' सगळ्यांनी वा वा केलं.

आणि ते खोटं नव्हतं. लाकूडचोरी वाढली म्हणून त्याच वर्षी फेब्रुवारीत मी परिपत्रक काढलं होतं. लाकूड कोणाचंही असो, कसलंही असो, वाहतुकीचा पास नसेल तर नाक्यावर जप्त करावं. कोणाचीही शिफारस ऐकू नये. मजकूर माझा, सही साहेबांची.

अकरा पत्रं झाली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. कॉम्प्युटरवर बापूजीनं डबे वाळत घालायला सुरुवात केली. शेवटी कंपनीनं लिहिलं, 'न पाठवलेला भाग वॉरंटीत बसतो. ग्राहकाने हरवलेला भाग बसत नाही.' ते वाचून माझं डोकं फिरलं. घरी ताराबाईनं वेगळाच बंदोबस्त चालवला होता.

"इकडे या. आज वरणाची फोडणी शिका," ती म्हणाली.

"अगं, बदली होणार नाही."

"हाव. पण मोहरी तडतडू द्या आधी."

फेब्रुवारीत मी वरण शिकलो, मार्चात पिठलं. रात्री झोप लागेना. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात आम्ही आठ दिवसांच्या वर कधी वेगळे राहिलो नव्हतो, आणि त्या फोडणीच्या धुरात माझे डोळे नुसते धुरानं भरत नव्हते. हे मी तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो.

एकोणतीस मार्चला कंपनीचा इंजिनीअर आला. टायवाला मुंबईकर येईल आणि मी त्याला कागदांखाली पुरेन, असा माझा बेत होता. एस.टी.तून उतरला तो आपल्या मूल गावचा खुशाल मेश्राम! कंपनीच्या नागपूर ऑफिसात होता. चाळिशीचा, बुशशर्ट घातलेला, आपल्याच बोलीत बोलणारा.

"पेटी कुठी हाये, बडेबाबू?"

"आलीच नाही."

"मंग मशीन कशात आली?"

मी पुराव्यासाठी जपून ठेवलेली तनसाची गोणी त्याच्यापुढं आपटली. त्यानं चार काड्या बोटात चुरगाळल्या, वास घेतला.

"माह्या घरी धान होते, बडेबाबू. हे तर आपल्या इकडचं तनस हाये. मुंबईत कोन देईन?"

"मी एक सालापासून हेच पुसून राह्यलो," दारातून बापूजी म्हणाला.

खुशालनं विचारलं, ट्रक कोणत्या रस्त्यानं आला? चंद्रपूरहून, मूलवरून. मध्ये काय लागतं? वनखात्याचा नाका. मला एकदम तो 'वो नाके पे' म्हणणारा ड्रायव्हर आठवला. साहेबांची जीप मागून आम्ही निघालो.

नाक्यावर वनरक्षक लालसू होता. भामरागडकडचा माणूस, बोलणं कमी, काम चोख. टिनाच्या शेडमध्ये जप्त सागवानाच्या थप्पीशेजारी ती पेटी उभी! चारी बाजूंनी खात्याच्या हातोड्याचा शिक्का मारलेला, वर रंगानं नंबर टाकलेला.

"पास नव्हता. जप्त केलो," लालसू म्हणाला. "आतली मशीन लाकूड नाई, म्हून सोडलो. फुटीन म्हून तनस टाकून देलो."

"अरे, मला कळवायचं नाही?"

"तीन रिपोर्ट पाठवलो न, बाबूजी."

त्यानं फायलीतून तीन नकला काढल्या. तिन्हींवर 'पाहिले' असं लिहून खाली माझी सही होती. आता रोज साठ कागद येतात हो, सही करायची की वाचत बसायचं?

खुशालनं तळाच्या फळीच्या फटीतून बॅटरी मारली. "हाये! पाटी हाये, वायरी बी हायेत. वाळवी नाई लागली." तो फळी उचकटायला वाकला, तसा लालसू मध्ये उभा राहिला.

"हा मुद्देमाल हाये. गुन्हा निकाली निघाल्याबिगर हात नाई लावता येत."

"लालसू, मी बडेबाबू आहे," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला, आणि भिंतीवर चिकटवलेल्या परिपत्रकाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. कोणाचीही शिफारस ऐकू नये.

मार्ग एकच होता. आरोपीनं गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, मग माल सुटतो. पण आरोपी कोण?

"बिल्टीवर ज्याची सही, तो," लालसू म्हणाला.

मी तसाच जीपनं परत येऊन साहेबांपुढं उभा राहिलो. वाटलं, ते एका शेऱ्यात सोडवतील. साहेबांनी परिपत्रक दोनदा वाचलं. "कोतपल्लीवार, फार छान लिहिलंय. एकही पळवाट नाही. उद्या सकाळी जाऊन कबुली द्या."

गेलो. लालसूनं बयान लिहायला घेतलं. नाव, बापाचं नाव, गाव.

"धंदा?"

"वनखात्यात नोकरी."

त्याचा पेन क्षणभर थांबला, मग त्यानं लिहिलं. "यापूर्वी चोरी?"

"नाही रे बाबा."

तीस वर्षं दुसऱ्यांचे असले कागद मी हसत हसत रचले. त्या दिवशी मात्र कागद शेवटपर्यंत वाचला आणि मग आरोपीच्या जागी सही केली. लालसूनं पाण्याचा गिलास पुढं केला. बहुतेक सगळ्या आरोपींना तो देत असावा. मग दंड भरला, पावती घेतली आणि पेटी जीपमध्ये घातली.

एकतीस मार्चला दुपारी तीन वाजता खुशालनं वायरी जोडल्या, बटन दाबलं आणि काच उजळली. सगळं ऑफिस जमलं होतं. बदली टळली होती! मी बापूजीला दवाखान्यात निरोप द्यायला पिटाळलं, की संध्याकाळचं वरण तूच कर.

"बसा, कोतपल्लीवार," साहेब म्हणाले. "टायपिंग तुम्हालाच येतं. यंदाचे वनगुन्हे चढवायला घ्या. कालच्या केसपासून सुरू करा."

एका एका बटनानं मी आरोपीचं नाव टाकलं. काचेवर हिरव्या अक्षरांत ते ठसठशीत उमटलं. मागं कोणीतरी खोकलं. मी खुशालच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "खुशालभाऊ, हे नाव पुसता येते का?"

"येते न," तो म्हणाला. "कंपनीले एक पत्र लिहा, बडेबाबू. पाच वाजेपर्यंत वॉरंटी हाये."