मुठी वळणारं प्रवाळ

“आज एक तर ते राहील, नाही तर मी!” बाह्या सरसावून सूनबाई खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे उभी राहिली. कडेवर छकुली, हातात दात घासायचा ब्रश.

‘ते’ म्हणजे नवऱ्याच्या आत्याबाईंनी प्रेमानं दिलेलं मऊ प्रवाळ. देठांवर इवल्या इवल्या मुठी, दिवसभर उघडझाप करणाऱ्या. आलं तेव्हा चिमूटभर होतं. आता अर्धा खडक गिळून ते सूनबाईच्या केशरी प्रवाळाला भिडलं होतं. हे केशरी तिनं लग्नाआधीपासून लेकरासारखं जपलेलं. नखाएवढं वाढायलाही त्याला वर्ष लागे.

“अगं, तो माझा ब्रश आहे!” नवरा कळवळला. “आणि पुढच्या महिन्यात आत्या येतेय. तिचं प्रवाळ दिसलं नाही तर?”

“तर तू बस टाकीत आणि हलव मुठी.”

तिनं दातओठ खाऊन खरवडलं. खडक लख्ख झाला. फक्त पंप बंद करायचा राहिला. सगळा चुरा पाण्याबरोबर टाकीभर हिंडला आणि जिथे टेकला तिथे रुजला. आत्याबाई यायच्या सुमारास काचेवर मुठी, पंपावर मुठी, थर्मामीटरवर मुठी.

“आत्या खूश होईल बघ,” नवरा म्हणाला.

सूनबाईनं खरवडायचं धारदार पातं काढलं. या वेळी पंप बंद. एकेक दगड बाहेर काढून तिनं प्रवाळ तासलं आणि खाऱ्या पाण्याच्या बादलीत टाकलं. शेवटचा दगड जागेवर बसतो न बसतो तोच बेल वाजली.

आत्याबाई थेट टाकीपाशी. “माझं प्रवाळ कुठाय गं?”

“बादलीत,” सूनबाईनं मान ताठ केली. “रागवायचं तर रागवा, आत्या. पण माझं केशरी मी मरू देणार नाही.”

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले.

“सुटलीस बाई!” आत्याबाई मटकन खुर्चीत बसल्या. “मला आवरेना, आणि जिवंत जीव फेकवेना. म्हणून तर सगळ्यांच्या गळ्यात मारत सुटले. ज्याच्याकडून आणलं, त्या दुकानदाराच्यासुद्धा!”

“मलाही फेकवत नाही, आत्या.” आत्याबाई निघाल्या तेव्हा सूनबाईनं बादलीची कडी त्यांच्या हातात दिली. “तुमचं तुम्हाला.”

आत्याबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात टाकीशेजारी जमिनीवर बसलेल्या छकुलीनं मूठ उघडली, मिटली, परत उघडली.

“अगंबाई, मला टाटा करतेय!” आत्याबाई विरघळल्या आणि बादलीसकट जिना उतरल्या.

छकुली दाराकडे बघतच नव्हती. काचेच्या खालच्या कोपऱ्यात, नेमकी तिच्या डोळ्यांसमोर, एक मूठ उरली होती. ती उघडे, मिटे. छकुली तिला तसंच उत्तर देई.

सूनबाईनं पातं उचललं. लेकीकडे पाहिलं. पातं खाली ठेवलं.

“एकच हं,” तिनं काचेवर बोट आपटलं. “केशरीकडे सरकलंस, तर गाठ माझ्याशी आहे!”

आतून त्यानंही मूठ वळली.