सोयरे विहीर बघायला येतात

नियोजन ज्याचं त्यानं करावं असं लोक म्हणतात. मी म्हणतो, ते फौजीनं करावं! मी, भाऊसो, हवालदार म्हणून पेन्शनीवर गावी आलो आणि महिन्याभरात पाणी समितीचा अध्यक्ष झालो. दुसरं कुणी उभंच राहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आमची वाडी आटपाडी तालुक्यात. इथं पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा येतो, चहा न घेताच जातो. पण यंदा एक संधी चालून आली. भूजल खात्यानं सगळ्या भागाचा पाण्याचा आराखडा करायला घेतला. गावोगावच्या विहिरींची पातळी मोजायची, आणि जिथं पाणी सगळ्यात खोल गेलंय, तिथला तलाव कालव्याच्या पाण्यानं आधी भरून द्यायचा. म्हणजे परीक्षा अशी, की जो नापास होईल त्याचा नंबर पहिला. आता नापास होण्यात आमच्या विहिरीचा हात कोण धरणार? दिवाळीतच तिच्या तळाचे दगड दिसायला लागले होते.

मी लगेच धुळाला शब्द देऊन टाकला. धुळा वाडीतला मेंढरंवाला. पाणी संपलं की तो कळप घेऊन खाली ऊसपट्ट्यात उतरतो, ते पार मृगाला परततो. त्याची आई, बनुबाई, जन्मभर कळपामागं चालली. यंदा तिच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. म्हातारीला एकटी टाकून जाववेना आणि कळप विकवेना, असा धुळा मध्येच अडकला होता.

"धुळा, बिऱ्हाड बांधू नगंस," मी म्हणालो. "तळं भरलं की मेंढरं हितंच ऱ्हातील. मावशीबी हितंच."

"नक्की न्हवं, फौजी?"

"नियोजन माझ्याकडं हाय."

बिरोबाच्या देवळापुढं सभा घेतली. "मंगळवारी साताऱ्याच्या शिवांजली मॅडम आपली विहीर बघायला येणार," मी सांगितलं. "मोजणीचा नियम हाय, दोन दिवस कुणी मोटर चालू करायची न्हाई. पाइप गुंडाळून ठेवायचं. आन् पोरगा बघायला सोयरं येत्यात, तवा आपुन जसं करतो, अगदी तसं करायचं. कसर नगं."

म्हणजे झाडलोट करा, गवत काढा, टोपी धुतलेली घाला, एवढंच मला म्हणायचं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बायका एकमेकींकडं बघून हसल्या. मला वाटलं, भाषण आवडलं.

मंगळवारी मॅडम आल्या. चहा झाला, नारळ झाला. काठावर उभं राहून त्यांनी टेप आत सोडली.

"सोडा, सोडा," मी म्हणालो. "लय लांब जायची हाय ती."

टेप निम्मीसुद्धा गेली नाही तोच डुबुक असा आवाज आला. मी वाकून बघितलं. विहीर निम्म्याच्या वर भरलेली! पायरीवर एक बेडूक बसला होता, तोसुद्धा चकित दिसत होता.

"हवालदार साहेब, पाणी तर छान आहे," मॅडम खूश होऊन म्हणाल्या. "आनंदाची गोष्ट आहे. मग तुमचा तलाव शेवटी धरला तरी चालेल."

मी धुळाकडं बघितलं. तो खाली बसून पायात नसलेला काटा काढत होता.

मॅडम जीपकडं निघाल्या तसं मी तानाजीला दंडाला धरून बाजूला घेतलं. तानाजीचा पाण्याचा टँकर आहे आणि खाली उतारावर एक कोरडी विहीर.

"ह्ये काय झालं रं?"

"काल रातच्याला टँकरच्या चार खेपा वतल्या की," तानाजी छाती काढून म्हणाला. "तुमीच म्हणाला न्हवं, सोयऱ्यांगत करा?"

आता तुम्हाला आमची रीत सांगायला पाहिजे. आमच्याकडं पाणी नाही म्हणून पोरी द्यायला कुणी धजत नाही. म्हणून मुलगा बघायला सोयरे आले, की सगळी आळी आपापलं पाणी त्या घरात नेऊन ओतते. रांजण, हंडे, घागरी काठोकाठ. सोयऱ्यांनी बघावं आणि म्हणावं, पोरगी इथं सुखात राहील. हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. आणि जमलेली सोयरीक मोडू नये म्हणून पुढं कुणी तोंडही उघडत नाही.

म्हणजे सगळ्या वाडीनं गपचूप, एकमेकांना न सांगता, विहीर भरली होती. धोंडुबाईनं चार हंडे. बचत गटानं लग्नाचं पिंप. खुद्द धुळानं मेंढरांच्या हौदातलं पाणी. आणि बनुबाईनं घरातली एकुलती एक घागर, दम खात, भिंतीला धरत नेऊन ओतली होती.

मला रागवायचं होतं. रागवता येईना. ज्यांच्याकडं प्यायला नाही, त्यांनी माझ्या शब्दाखातर होतं नव्हतं ते ओतलं होतं. फौजेत असताना कुणी माझी आज्ञा इतक्या मनापासून पाळली नव्हती.

जीप चालू झाली. रीत म्हणून वाडी गप्प. शेवटी माझी बायको अंजना पुढं झाली आणि जीपचं दार धरून उभी राहिली.

"मॅडम, मी रहिमतपूरची," ती म्हणाली. "पाण्यातली पोर. माझ्या बाबांनी ह्यांच्या घरातला भरल्याला रांजण बघितला आन् हितं दिलं मला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रांजणात तांब्या घातला, तर ठणकन् वाजला. तुमालाबी त्योच रांजण दाखवलाय."

"अंजना, आता हे सगळं काढायची येळ हाय का?" मी म्हणालो.

"आवं, तुमी गप बसा. तवाबी गपच बसला हुता."

मॅडम आधी गोंधळल्या, मग गाडी बंद करून इतक्या हसल्या, की डोळे पुसावे लागले. पण माणूस नियमाचं. म्हणाल्या, "ओतलेलं पाणी मला मोजता येणार नाही. ते काढून टाका. शुक्रवारी परत येते."

काढून टाका! हे आमच्या वाडीला जमणारं काम नव्हे. मी घरोघर फिरलो. पाणी वापरा, सांडा, दोन-दोन वेळा अंघोळी करा म्हणून हातापाया पडलो. धोंडुबाई दारातच कडाडली, "दुसरी अंघोळ कशापायी? म्या काय मढं शिवून आले?" जिनं कशीबशी केली, तिनं खाली परात ठेवून केली आणि परातीतलं पाणी कढीपत्त्याला घातलं. गोधड्या धुवा म्हटलं, तर गोधड्यांच्या पाण्यात पोती धुतली, पोत्यांच्या पाण्यानं अंगण सारवलं. मी स्वतः बादली उचलून रस्त्यावर ओतायला गेलो, पण हात पुढं जाईना. बादली शेवटी चिंचेच्या बुंध्याशी रिकामी केली.

शुक्रवारी सकाळी मी तोंड लपवतच विहिरीवर गेलो. आत बघतो तर तळाचे दगड! पाणी गेलं कुठं? तेवढ्यात उताराकडून तानाजी पळत आला.

"फौजी, माज्या विहिरीला पाझर फुटला! बिरोबा पावला!"

मॅडमनी आमची विहीर मोजली, मग त्याची मोजली आणि काठावरच बसल्या. "वर ओतलं ते खाली निघालं," त्या म्हणाल्या. "विहिरी तुमच्या वेगळ्या असतील, पाणी सगळ्यांचं एकच आहे. वरचा तलाव भरला, तर सगळ्या वाडीच्या विहिरींना पाझर येईल. हे मला लोकांना नकाशावर समजवावं लागतं. तुम्ही करूनच दाखवलंत."

आमच्या वाडीचं नाव यादीत वर गेलं. फाल्गुनात कालव्याचं पाणी तळ्यात आलं. धुळाचा कळप काठाला ओळीनं माना घालून पीत होता आणि बनुबाई बाभळीखाली बसून एकेक मेंढरू ओळखत होती. मी आभाराचं भाषण पाठ केलं होतं. उभा राहिलो, तिच्याकडं बघितलं आणि भाषण राहू दिलं. नुसते हात जोडले. वाडीला, मॅडमना, अंजनाला, सगळ्यांनाच.

मॅडम हळूच म्हणाल्या, "हवालदार साहेब, आजींनी त्या दिवशी घरातली घागर विहिरीत रिकामी केली म्हणे. ती तरी भरून द्या."

मी बनुबाईची घागर मागवून तळ्यात बुडवली, खांद्यावर घेतली आणि सगळ्या वाडीदेखत, लेफ्ट राइट करत, चढावरच्या बनुबाईच्या दारापर्यंत गेलो. मागून पोराबाळांसकट मिरवणूक. धुळानं आईला हाताला धरून आणलं. मी घागर उंबऱ्यात ठेवून सलाम ठोकला.

बनुबाईनं वाकून घागरीत बघितलं. मग माझ्या भिजलेल्या पाठीकडं बघितलं.

"भाऊसो, निम्मी सांडलीस की रं," ती म्हणाली. "जा, दुसरी भरून आण. आता काय, तळं भरलंय."

गेलो. नियोजनात दुसरी खेप धरलेली नव्हती.