शौकतभाईंचा खिळा

माणसं फोन विकतात, हरवतात, रागाच्या भरात भिंतीवर आपटतात. आमच्या शौकतभाईंनी आपला फोन स्कूटरच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यात घातला, दोन्ही तोंडांना सोल्युशन लावलं, वर ठिगळं दाबली आणि ते गाठोडं दुकानातल्या खिळ्याला टांगून दिलं. रबराच्या पोटात तो दोन दिवस वाजत होता. गिऱ्हाइकं दचकायची. शौकतभाई टायर खोलता खोलता म्हणायचे, "वाजू द्या. दमंल."

तिसऱ्या दिवशी तो खरंच दमला.

बारामती एमआयडीसीच्या वळणावर त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. सकाळी पाळीला जाणाऱ्या मोटारसायकली तिथूनच जातात. मी कन्हेरीहून शाळेत शिकवायला जातो, आणि माझ्या गाडीचं मागचं चाक बरोबर त्याच वळणावर बसतं. पंधरा वर्षांत हा योगायोग इतक्या वेळा घडला की मला त्यांच्यावर संशयच होता. एकदा तसं बोलूनही दाखवलं. ते घमेल्यातल्या पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "गुरुजी, संशय असंल तर पाण्यात धरून बघा."

हे त्यांचं पालुपद. बुडबुडे आले तर भोक आहे, नाही आले तर नाही, एवढाच त्यांचा हिशेब. कलिंगड गोड आहे, असं कुणी सांगितलं तरी "पाण्यात धरा". पुढाऱ्याचं आश्वासन, "पाण्यात धरा". इंदापूरला लेकीचं स्थळ ठरलं तेव्हा होणाऱ्या जावयाला त्यांनी चार तास दुकानात बसवून टायर खोलायला लावले होते. पोरगा चिडला नाही. मगच सुपारी फुटली.

स्वतःचा फोन टांगल्यावर त्यांनी शेजारी आणखी पाच खिळे ठोकले. त्यांना कापडी पिशव्या लटकवल्या आणि फर्मान काढलं: गिऱ्हाइकानं आधी फोन पिशवीत टाकायचा, मगच चाकाला हात लागेल. कंपनीतला एक साहेब म्हणाला, "अहो, माझा अर्जंट कॉल येणार आहे."

"मंग कॉलवर बसूनच जा की कंपनीत," शौकतभाई म्हणाले आणि पान्याला फडकं मारत बसले.

साहेबाला गाडी ढकलत जावं लागलं. मला मनातून बरं वाटलं, पण पुढच्या आठवड्यात माझ्यावरच ती वेळ आली तेव्हा मी भयंकर चिडलो. मी सकाळी डोळे उघडायच्या आधी फोन चाचपणारा माणूस. वीस मिनिटं नुसतं बसायचं म्हणजे काय? हाताचं काय करावं, तेच कळेना. शेवटी शेजारच्या ड्रायव्हरशी बोललो. त्याला जुळी मुलं झाली होती. पेढे खाऊन शाळेत उशिरा पोचलो.

इथवर सगळी गंमतच होती. मग टँकरचं प्रकरण आलं. एका डेअरीच्या दूध टँकरांची चाकं गेली बारा वर्षं शौकतभाईच बघायचे, आणि दुकान खरं चालायचं ते त्याच कामावर. डेअरीचा नवा सुपरवायझर येऊन म्हणाला, आता सगळी कामं फोनवरच्या ग्रुपवर पडणार. ग्रुपवर नसाल तर काम दुसऱ्याला जाईल.

"टँकर बंद पडला तर माणूस धाडा. मी येतो."

"तसं चालणार नाही, चाचा."

"मंग न्हाय चालणार."

महिनाअखेर काम गेलं. घरी बायकोनं, जुबेदाभाभींनी, अबोला धरला. इंदापूरची लेक धावत आली. हा फोन तिनंच हौसेनं दिला होता. तिनं ब्लेड घेऊन ती ट्यूब कापायला काढली, तर शौकतभाई खिळ्यापुढे छाती काढून उभे राहिले. "पोरी, बापाचा गळा काप, पर ह्याला हात लावू नको." मीही तेव्हा त्यांना हेकट म्हणालो. तोंडावर म्हणालो. पोटावर पाय आला तरी माणूस हट्ट सोडत नाही, याचा मला राग आला होता.

गेल्या शुक्रवारी शाळेला सुट्टी होती, म्हणून मी दुकानावर टेकलो होतो. दुपारची नमाज आटोपून शौकतभाई दुकानावर आले, तर त्यांच्याच मोटारसायकलचं चाक बसलेलं. मी हसत सुटलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "पंक्चर काढत बसलो तर उशीर हुईल. गुरुजी, तुमची गाडी काढा. लोणी भापकरला जायचंय."

वाटेत एका बागेपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि बागवाल्याकडून झेंडूचं एक फूल मागून घेतलं. मग मागच्या सीटवरून बोलायला लागले.

लोणी भापकरचे विठ्ठलतात्या म्हणजे त्यांचे चाळीस वर्षांचे दोस्त. तात्या बारामतीच्या बाजारात वांगी विकायला यायचे, आणि दर आठवड्याला दोघं एकाच कपातला चहा बशीत ओतून प्यायचे. पुढं दोघांच्याही हातात फोन आले. तात्यांकडून रोज सकाळी सातला गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ. यांच्याकडून उलट फूल. बाजारातल्या भेटी सुटल्या. रोजचं बोलणं तर चालूच होतं की!

"दीड वरीस गाठ न्हाय, गुरुजी. ईदीचा शिरखुर्मा घिऊन गेलो, तर तात्या ओट्यावर बसल्याला. माझ्या तोंडाकडं बघून मला म्हणतो, कोण हाय?"

साखरेच्या आजारानं तात्यांचे दोन्ही डोळे गेले होते. त्याला वर्ष होत आलं होतं. त्या दिवशीही सकाळी सातला फूल आलं होतं. पाठवायची सून. तात्यांनीच तिला बजावलं होतं, शौकतला रोज फूल जाऊ दे, नाहीतर तो काळजी करत बसेल.

"उभ्या तालुक्याच्या ट्यूबा पाण्यात धरल्या मी. दोस्ताचं फूल तेवढं न्हाय धरलं."

 मी त्यांना हेकट म्हणालो होतो, त्याची लाज वाटली.

मागच्या खेपेला ठरल्याप्रमाणे विठ्ठलतात्या ओट्यावर वाटच बघत होते. शौकतभाईंनी बोलायच्या आधी ते झेंडूचं फूल त्यांच्या तळहातावर ठेवलं. तात्यांनी ते हुंगलं, पाकळ्या चाचपल्या.

"झेंडू. फोनवर गुलाब धाडायचास आन् हितं झेंडू व्हय रं, चिकट्या?"

"त्यो गुलाब फुकटचा व्हता."

"मंग ह्यो कुठं इकत आणलास?"

दोघंही खो खो हसायला लागले. सून चहा घेऊन आली, एक कप आणि दोन बश्या. शौकतभाई बशीत चहा ओतून, फुंकर मारून तात्यांच्या हातात देत होते, आणि या माणसाचा चेहरा इतका हळवा मी पंधरा वर्षांत पाहिला नव्हता. माझा हात आपोआप खिशात गेला. एक फोटो तरी घ्यावा म्हणून मी फोन काढला.

शौकतभाईंनी मान वर केली नाही.

"गुरुजी, खिळा हितंबी हाय."

पाहिलं तर दाराच्या चौकटीत नवाकोरा खिळा, त्याला कापडी पिशवी. मी मुकाट्यानं उठलो आणि फोन आत टाकला.

तात्यांनी माझ्या दिशेनं कान केला. "टांगला का?"

"टांगला."

"मंग या, बसा हितं," हातानं ओटा झाडत ते म्हणाले. "सांगा, कुठलं तुमी? कुणाचं?"