खिल्लारे काकांचा नाकतोडा

आमचे शेजारी खिल्लारे काका बसत नाहीत. म्हणजे कुठंच बसत नाहीत. लग्नात पंगत पडली की हे ताट हातावर घेऊन खांबाशेजारी उभे. ग्रामसभेत उभे, एसटीत जागा रिकामी असली तरी उभे. न्हाव्याच्या खुर्चीत तेवढे टेकतात, तेही असे, की अर्ध्या दाढीत कुणी हाक मारली तर तसंच पळता यावं. फारच आग्रह झाला तर ठरलेलं उत्तर येतं, "बसला तो फसला."

नव्या माणसाला हे तत्त्वज्ञान वाटतं. आमच्या शाळेत तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तर ते वहीत लिहून घेतलं. तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. ही मातीत डर्ट बाइक चालवण्याची पहिली अट आहे.

आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याकाठी. काकांनी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कालव्याच्या कडेनं काढली. आमच्याकडे निवृत्त झालेला माणूस एकतर घरावर मजला चढवतो, नाहीतर सरपंचकीला उभा राहतो. काका नांदेडला गेले आणि जुन्या बाजारातून एक डर्ट बाइक घेऊन आले. उंच, हडकुळी, मडगार्ड चाकापासून हातभर वर, टायरांवर ढेकळांसारख्या गुठळ्या. गावानं एका दिवसात तिचं नाव नाकतोडा ठेवलं. काकांना राग यावा म्हणून ठेवलं होतं, पण ते खूश झाले. म्हणाले, "नाकतोडा कधी चिखलात रुतलेला पाह्यला का कुणी?"

पारावरच्या पोरांचा रोजचा प्रश्न असे, "काका, किती पळते?"

"कशावर? डांबरीवर का मातीत?"

"डांबरीवर."

"मंग मला काहून इचारून राहिला? डांबरीवर पळाया एसटी हाय."

खरी गोष्ट अशी, की ती गाडी मुळात एकशे दहा-पंधरापर्यंत जायची. काकांनी जवळा बाजारच्या मिस्त्रीकडून मागचं दातेरी चक्र काढून मोठं बसवून घेतलं आणि ती नव्वदीवर आणली. पदरचे पैसे घालून गाडी हळू करून आणणारा हा जिल्ह्यातला पहिलाच माणूस असावा. मी तसं म्हणालोही. मी हायस्कुलात गणित शिकवतो आणि काकांना चिडवण्याचा मान गावानं मला दिला आहे.

"सर, गणित तुमालाच कळंना का?" ते म्हणाले. "मागचं चक्र मोठं केलं की पळ कमी, वढ जास्त. काळ्या रानात पळ काय चाटायचीय? तितं चाळीसनं जाऊन दावा. डांबरीवरचे दीडशे त्याच्यापुढं पाणी भरतेत."

मग त्यांनी मला धडे दिले. पायदानांवर उभं राहायचं, गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरं बाहेर. "हँडल आवळू नका, लेकराचा हात धरल्यावानी धरा." खालची गाडी आदळते, डोलते, तिला डोलू द्यायचं, आपण वर शांत. वळणावर गाडी आडवी करायची, अंग नाही. मुरमात पुढचा ब्रेक दाबायचा नाही, "न्हाईतर गाडीच्या आधी आपण पोचतो." आणि खड्ड्याकडं बघायचंच नाही, कारण जिकडं नजर तिकडं गाडी. हे सगळं मी नीट ऐकलं आणि त्यांच्या अंगणात, बंद असलेल्या, स्टँडवर लावलेल्या गाडीवरून पडलो.

काकू जाऊन चार वर्षं झाली. घरात काका एकटे. मुलगी संगीता हिंगोलीला राहते आणि तिचा सगळा जीव बापाच्या हाडांत. "आबा, ह्या वयात पाय मोडला तर कोण बघणार?" हे ती फोनवर रोज विचारते. आबा गाडीचं कौतुक सांगून फोन ठेवतात. गाडीला कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नाही. एकदा एका पाहुण्यानं तिला खटारा म्हटलं, तर काकांनी त्याच्या पुढ्यातला चहा उचलून आत नेला.

गेल्या मे महिन्यात संगीता आणि जावई प्रशांत आंबे खायला आले. जावयाकडं तांबडीलाल, नव्या धाटणीची, पोटावर झोपून चालवायची गाडी. जेवताना विषय निघाला, वाढला आणि पैजेवर आला. धरणाच्या पलीकडच्या फाट्यावर चहाचं हॉटेल आहे. डांबरी रस्ता तिथं लांबचा वळसा घालून जातो. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं, की धरणाच्या उघड्या पात्रातून सरळ वाट पडते, पण ती गाळाची, भेगांची आणि मुरमाची. जावई डांबरीनं जाणार, काका पात्रातून.

"मामा, तुम्ही आधी पोचलात तर मी पुन्हा बोलणार नाही," प्रशांत म्हणाला. "मी पोचलो तर गाडीची किल्ली संगीताकडं. तुम्हाला लाइटवर चालणारी स्कूटी घेऊन देतो."

"मंजूर, जावईबापू. स्कूटी घेऊच नका, पैसे वाया जातेन."

संगीतानं एकच अट घातली, आबा एकटे जाणार नाहीत, सर मागं जातील. मला कुणी विचारलं नाही. शिवाय मागच्यानंही बसायचं नसतं, हे मला निघताना कळलं. काकांचे खांदे धरून मी मागच्या पायदानांवर उभा राहिलो. अख्खी गल्ली बघायला जमली होती आणि माझे विद्यार्थी त्यात पुढे होते.

सकाळचे अकरा वाजले होते, ऊन मी म्हणत होतं. पात्रात उतरलो आणि पहिल्यांदा मला कळलं की काका काय म्हणत होते. खाली गाडी भेगांवरून थयथयाट करत होती आणि काकांचं डोकं पाण्यानं भरलेली घागर नेणाऱ्या बाईसारखं स्थिर होतं. मऊ गाळ आला की ते अंग मागं टाकत, पुढचं चाक हलकं होई आणि गाडी तरंगत निघे. काट्यावर पन्नास दिसले तेव्हा मी बघणं सोडून दिलं. मनातल्या मनात हिशोब केला, जावयाच्या दहा मिनिटं आधी आपण पोचतो. भीती गेली आणि मी चक्क ओरडलो, "काका, हाणा!"

पुढं मुरमाचा एक अरुंद उंचवटा होता, दोन्ही बाजूंना ओला गाळ. आम्ही त्यावर चढलो आणि काकांनी मागचा ब्रेक दाबला. गाडी घसरत, शेपूट फिरवत थांबली. समोर वीसेक पावलांवर एक टिटवी पंख पसरून उभी होती. ती उडत नव्हती. नुसती ओरडत होती.

"बाजूनं काढा ना," मी म्हणालो. "जागा आहे हातभर."

"बोलू नका." त्यांनी इंजिन बंद केलं. "चार अंडी हायेत तिच्या खाली. आपुन बाजूनं गेलो तं ती उडंल. या उन्हात ती उडाली, की अंडी शिजतेत. पोट पाण्यात भिजवून येऊन बसती ती, माहीत हाय का? सावली करती."

त्यांनी गाडी उलटी ढकलायला घेतली. मीही लागलो. उंचवट्यावरून खाली उतरलो, टिटवीपासून लांबचा फेरा घेतला आणि मधल्या गाळात नाकतोडा अर्ध्या चाकापर्यंत रुतला. तो उपसता उपसता माझी एक चप्पल धरणाला अर्पण झाली.

ढकलताना काका थांबून थांबून बोलत होते. "नोकरीत एकदा हुकूम आला, पाणी सोडा. कोरड्या कालव्यात असंच घरटं व्हतं. मला ठावं व्हतं, सर. तरी म्या कालव्याच्या दाराचं चाक फिरवलं. ती तीन दिवस माझ्या चौकीवर येऊन वरडत व्हती. हुकूम व्हता म्हणून तिला काय सांगू?"

हॉटेलवर पोचलो तेव्हा प्रशांतचा दुसरा चहा संपला होता आणि संगीता जीपनं येऊन बापाची वाट बघत रडकुंडीला आली होती. आम्ही डोक्यापासून पायापर्यंत गाळात.

"काय झालं मामा?"

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्या अनवाणी पायावर बूट ठेवला आणि म्हणाले, "गाडीत दम न्हाई."

हे शब्द त्यांच्या तोंडून! माझ्या पायापेक्षा ते ऐकून जास्त दुखलं. हॉटेलातले सगळे हसले. काकांनी किल्ली काढून संगीताच्या हातात दिली आणि उभ्यानं चहा घेतला.

घरी आल्यावर मी भांडलो. खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

"सर, तुमी शिकलेले माणूस, जरा इचार करा," काका म्हणाले. "मे महिना हाय. टिटवीनं अंडी उंचावर घातली का खोलात, त्याच्यावरून आपलं गाव पाऊस सांगतं. तुमी एकदा बोलला आसता, तं सांजच्याला आख्खं गाव गाड्या घेऊन तितं. फोटो काढतेन, हातात घेतेन. तिनं कुटं जावं?"

 मी हे कुणालाच सांगितलं नाही आणि गप्प राहणं किती अवघड असतं ते पुढच्या दिवसांत कळलं. पारावर रोज काकांची टिंगल व्हायची, "काका, दम आला का गाडीत?" काका मान डोलवायचे. स्कूटी आली. तिच्या सीटवर त्यांनी सांडगे वाळत घातले. आणि रोज भर दुपारी छत्री घेऊन हा माणूस चालत पात्राकडं जायचा. लांब बाभळीखाली उभा राहून शेळ्या वळवायचा, मोटरसायकलवाल्यांना हात करून सांगायचा, "तिकडून नका जाऊ, गाळ हाय." लोकांना वाटलं, गाडी गेली आणि म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मला राग यायचा. लोकांचाही आणि त्यांचाही.

तीनेक आठवड्यांनी एका सकाळी ते मला सोबत घेऊन गेले. बाभळीखालून बोट दाखवलं. मला दगडगोटेच दिसले. मग त्यातले चार गोटे उठून पळायला लागले.

 काकांनी खिशातून फोन काढला आणि तिथूनच हिंगोलीला लावला.

"संगीता, किल्ली घिऊन ये. आन् जावईबापूला म्हणावं, गाडीत दम हाय. म्या खोटं बोललो व्हतो. त्या खोट्याची मुदत आज सरली."

तिकडून ती काहीतरी विचारत होती. मला एवढंच ऐकू आलं, "आबा, पण काहून?"

 काकांचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र भांडायला निघाल्यासारखा होता.

"चार लेकरं मधात आली व्हती, बाई. आता आपल्या पायानं पळून राहिली. किल्ली आन."