सागाचं पान आणि जीवशास्त्राच्या बाई

पानाच्या पेशीबद्दल मला कुणी शिकवू नये. जावा बेटावरच्या चिरेबोन गावातल्या शाळेत मी एकोणीस वर्षं तीच शिकवते आहे. त्यामुळे वडील गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण पुठ्ठ्याच्या डब्यांतून द्यायचं, असं रोकाया आत्याने ठरवलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. बापाने जन्मभर सागाच्या पानात भात बांधून विकला. त्याच्या नावाचा भात डब्यात घाम गाळत बसणार?

“बांधणार कोण? तू?” आत्या म्हणाली. “तुझी पुडी म्हणजे दुपट्यातलं पोर. पाय बाहेरच.”

“पानाच्या खालच्या बाजूला रंध्रं असतात, आत्या. वाफ निघून जाते. भात विटत नाही.”

“माझ्या भावाला ठाऊक होती ही रंध्रं?”

“नाही.”

“तरी त्याचा भात कधी विटला नाही.”

जून पान खरखरीत, घडी घालताना तडकतं. कोवळ्याची पेशीभित्तिका पातळ, घडी रेशमासारखी. शास्त्र माझ्या बाजूने होतं. मी कोवळी पानं तोडून आणली आणि वाफाळता भात दाबून ऐंशी पुड्या बांधल्या. त्या इतक्या सुबक झाल्या की आत्याला एकही पाय बाहेर सापडला नाही. आमच्या घराण्यातला हा विक्रम असावा.

प्रार्थना संपली. वडिलांचे जुने स्नेही, शुभ्र सदऱ्यातले हाजी सारकोवी, यांनी पहिली पुडी सोडली. भात लालभडक. बोटं लाल. चष्मा सावरला, तर नाकही लाल. बघता बघता ऐंशी माणसं आपापल्या तळव्यावर जखम शोधू लागली.

मी उभी राहिले. “कोवळ्या सागाच्या पेशीत लाल रस असतो. दाबलं की पेशी फुटते. विष नाही. जेवा.”

“हे तुला आधी माहीत होतं?” आत्याने विचारलं.

“पाठ होतं.”

हाजींनी घास चावला. “दुकानाच्या पहिल्या दिवशी तुझ्या बापाचाही भात असाच झाला होता,” ते म्हणाले. “आणि हट्टाने तोही असाच उभा होता. सगळ्यांना खायला लावलं त्याने.”

मी पाणी आणायला आत गेले. पाणी बाहेरच होतं.

संध्याकाळी आत्याने विचारलं, “शंभराव्या दिवसाच्या जेवणाला तरी डबे सांगू?”

“पानंच. जून.” मग हळूच म्हटलं, “बांधायला मात्र तू ये.”

बोटांचा रंग चार दिवस गेला नाही. खरं सांगायचं तर मी घासलाच नाही.