डावीकडचं शेवटचं घर

पैज लागली ती गाडी निघाल्यावर पहिल्याच वळणावर. बाबा म्हणाले, "नवं घर, नवी सुरुवात. सोमवारी कॉलेजचा फॉर्म भरायचा." मागच्या सीटवर मांडीवर वळकटी घेऊन बसलेला त्यांचा मुलगा (दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, म्हणून घरात त्याला सगळे 'प्राचार्य' म्हणत) म्हणाला, "भरतो. पण या प्रवासात माझ्यासमोर एकदा जरी 'माझं चुकलं' म्हणालात, तर कॉलेजचा विषय कायमचा बंद."

बाबांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "मंजूर."

"नका रे असलं काही," आई म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही. चोवीस वर्षांची पद्धतच होती ती.

बाबा वीजकेंद्रात मीटर तपासनीस. उभी हयात दुसऱ्यांच्या आकड्यांखाली लाल रेघ ओढण्यात गेलेली. स्वतःची चूक कशी दिसते हे त्यांना माहीतच नव्हतं. चौदाशे किलोमीटर, म्हातारी गाडी आणि रस्ता विचारणं म्हणजे नाक कापून देणं असं मानणारा बाप. प्राचार्यांनी हिशेब केला, उद्यापर्यंत आपण सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाड माळावर लाल पट्ट्याची पाण्याची टाकी दिसली. तिच्या शिडीवर एक पांढरा शर्ट वाळत होता. दुपारी पुन्हा तीच टाकी, तोच शर्ट. ऊन कलताना टाकी तिसऱ्यांदा आली. या वेळी शर्ट नव्हता. (शर्ट होता तेच बरं होतं.)

"बाबा, ही टाकी..."

"टाक्या असतात."

"अहो, कुणाला तरी विचारा ना," आई म्हणाली.

विचारायला मैलभर चिटपाखरू नव्हतं. शर्ट काढून नेणारा तेवढा कुठेतरी असणार. बाबांनी काच आणखी वर केली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी कंपनीच्या वसाहतीचं फाटक आलं. उघडं. पहारेकरी नाही, कुत्रं नाही. एकाच साच्यातून काढलेली पिवळी घरं ओळीने उभी, कुलपंही एकाच साच्यातली, दारांवरचे नंबर उन्हाने पुसलेले. गाडीची खडखड भिंतींवर आपटून परत येत होती, जणू मागून दुसरी गाडी येतेय. "चौथी गल्ली, डावीकडचं शेवटचं," बाबा म्हणाले. किल्ली जरा अडली, मग फिरली.

त्यांचं सामान ट्रकने आदल्या दिवशीच पोचलं होतं. 'लावून ठेवतो' असा कंपनीच्या माणसांचा निरोपही होता. खरोखरच लावलेलं होतं. प्रत्येक क्वार्टरमध्ये असतात तशा कंपनीच्या खाटा, कंपनीचं कपाट, हिरव्या खुर्च्या, सगळं जागच्या जागी. जरा जास्तच जागच्या जागी. न्हाणीघरातली फरशी ओली होती. कोपऱ्यातला रेडिओ हळू आवाजात एकटाच बोलत होता.

"अहो," आई कुजबुजली, "शेगडीवरचा चहा गरम आहे."

"स्वागत म्हणून ठेवला असेल." बाबांनी कपात ओतून घेतला.

"हा कुकरही माझा नाही."

"प्रवासात पोचे पडतात."

आईने हळूच भिंतीकडे बोट केलं. तिथे फोटो होता. "मामंजींना मिशी कधी होती?"

बाबांनी आपल्या वडिलांच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. चहाचा घोट घेतला. "होती. आपल्या लग्नाआधी."

"आणि हे आपल्याकडे बघतायत. ते तर जन्मात कुणाकडे बघायचे नाहीत."

प्राचार्यांच्या पाठीवर काटा आला, आणि त्याच क्षणी आनंदाची उकळीही फुटली. "बाबा, घर चुकलंय. म्हणा आता."

"दुसऱ्याचं असतं तर किल्ली लागली असती?"

"म्हणा!"

"चहात साखर कमी आहे," बाबा म्हणाले.

संतापून प्राचार्य मागच्या खोलीत शिरले आणि थबकले. दाराला आतून कडी होती. जन्मभर ते बैठकीच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाखाली झोपलेले. दुसऱ्याचं तर दुसऱ्याचं, दोन मिनिटं कडी लावून बघावी, एवढंच मनात आलं. लावली. आत जुनी, कोंडलेली शांतता होती. खाटेवर न चुरगळलेली चादर. भिंतीवर कुणाची तरी उंची पेन्सिलीने वर्षावर्षाला मांडलेली. सहज पाठ टेकवून पाहिलं, तर शेवटची खूण बरोबर त्यांच्या टाळूला लागली.

आता बाहेर पडावं म्हणून कडी ओढली. ती हलेना.

बाहेर अंगणाचं फाटक वाजलं. चपलांचा आवाज. मग एक जाडा आवाज, "कोण आहे घरात?" कप फुटला. आणि मग दारापलीकडून स्पष्ट, स्वच्छ, बाबांचा आवाज आला:

"माझं चुकलं हो! मागच्या फाटकाने आलो, सगळंच उलटं मोजलं. शंभर वेळा माझं चुकलं!"

प्राचार्यांनी दोन्ही मुठींनी दार बडवलं. "ऐकलं! मी ऐकलं!"

बाहेर एक बाई किंचाळली. "अहो, त्या खोलीत कोण बोलतंय? ती वर्षभर बंद आहे!"

"भूत नाही, वहिनी," आई रडवेल्या आवाजात म्हणाली. "आमचा मुलगा आहे. एकुलता एक."

बिजागऱ्या काढायला अर्धा तास लागला. स्क्रू ड्रायव्हर अर्थातच बाबांच्या खिशात होता. "ती कडी लावायची नसते," त्या घरचे गृहस्थ सांगत होते. "आमचा मुलगाही कायम अडकायचा. आता कॉलेजला गेला, हॉस्टेलवर असतो. सुटला."

दार बाजूला झालं. प्राचार्य घामाने निथळत बाहेर आले. "म्हणालात तुम्ही! विषय बंद!"

बाबांनी एकेक स्क्रू मोजून त्या गृहस्थांच्या हातात दिला. "तुझ्यासमोर म्हणायचं ठरलं होतं. मध्ये दार होतं. आणि ते तूच लावलं होतंस."

प्राचार्यांनी आईकडे पाहिलं. आई फुटलेल्या कपाचे तुकडे गोळा करत होती. "मध्ये दार होतं खरं," ती खालमानेने म्हणाली. "सोमवारी कॉलेजचा फॉर्म भर."

"फॉर्म भरणार आहे का?" त्या बाईंचा चेहरा उजळला. "थांब हं, आमच्या मुलाची सगळी पुस्तकं पडून आहेत." त्यांनी तो गठ्ठा प्राचार्यांच्या हातांवर ठेवला, हनुवटीपर्यंत आला.

निघताना प्राचार्यांनी पुस्तकांवरून भिंतीकडे पाहिलं. मिशीवाले आजोबा थेट त्यांच्याकडेच बघत होते, आणि मान जराशी हलवल्यासारखी वाटली. तीन दिवसांत आपल्या बाजूचं वाटलेलं एकच वडीलधारं माणूस, आणि तेही दुसऱ्यांचं.